दर अर्ध्या मिनिटाला ‘व्हय’

सांगली,
बुधवार, २४ नोव्हेंबर १९९९

प्रिय बापू,

गुरुवार, १४ ऑक्टोबर, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. मी स्वयंपाकघरातून विचारलं, “बापू, चहा ठेवू का?” तू उत्तर दिलं नाहीस. माझी तक्रार या वेळेची आहे, म्हणून वेळ आधी लिहिली. पत्र आज लिहितेय, कारण तुझं ते खोकं काल दुपारपासून न थांबता चालू आहे, आणि ते कशामुळे चालतंय हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

मी अजून रडलेले नाही. भेटायला येणाऱ्या बायका त्यावरून आपसात कुजबुजतात. कुजबुजू देत.

ते खोकं पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने मोडीत काढलेलं. फायरवॉल. संगणकांच्या दाराशी बसून बाहेरच्या आगंतुकांना अडवायचं, हे त्याचं मूळ काम. तू त्याचं पोट रिकामं केलंस, नवं सॉफ्टवेअर भरलंस आणि आष्ट्याच्या मुलींच्या शाळेला शब्द दिलास, की एका फोनलाइनवर तुमचे आठही संगणक यातून इंटरनेटला जोडून देतो. इंग्रजी मॅन्युअल मी वाचायची आणि तू टाइप करायचास. भांडण रोजचंच. मावशीने मला कॉन्व्हेंटात घातलं आणि तू गावच्या शाळेत राहिलास, यात माझी काय चूक होती?

त्या गुरुवारच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या हेडबाई खोकं बघायला आल्या. त्यांच्या प्रत्येक वाक्याला तुझं एकच, “व्हय बाई, व्हय.” मला लाज वाटली. सकाळी मी ती बोलून दाखवली.

“लष्करात सिग्नलमध्ये जन्म काढलास आणि साधं ‘हो’ म्हणता येत नाही? नीट म्हणता येत नसेल तर उत्तरच देऊ नकोस.”

तू बशीतला चहा संपवलास आणि म्हणालास, “बरं अक्का. न्हाई देत.”

म्हणून दहा वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटलं, रुसलाय. दिलेला शब्द पाळतोय. मनधरणी करणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला माहीत आहे. मी माझ्यापुरता चहा केला, प्यायले, कप विसळला. साडेदहाला बाहेरच्या खोलीत आले. तू टेबलावर डोकं टेकून होतास. शेजारी खोक्याचा पंखा फिरत होता आणि हिरवा दिवा लुकलुकत होता.

डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तर तू वाचला असतास का, हे सांगता येत नाही. हे काय उत्तर झालं?

माणसं जमली, कुणीतरी खोक्याची वायर उपसली. तेरावं झाल्यावर हेडबाईंचं पत्र आलं. खोकं मिळणार का ते कळवा, नाहीतर संगणकांची खोली शिवणाच्या वर्गाला द्यावी लागेल. शब्द तुझा होता. मी वायर जोडली.

खोकं सुरू झालं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. आणि पुन्हा. मला वाटलं, वीज कमीजास्त होतेय, म्हणून शेजाऱ्यांकडून स्टॅबिलायझर आणला. मग वाटलं, तापतंय. झाकण काढून धूळ पुसली, पंखा बदलून आणला. फरक शून्य. शेवटी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. दर वेळी बरोबर दोन मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. बिघाड इतका वक्तशीर नसतो, बापू. हे कुणीतरी मुद्दाम करत होतं.

तीस वर्षं मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजात हेच केलं. लाइनवर शांतता झाली की आत बोलायचं, “हॅलो, बोलताय का?” उत्तर नाही आलं की पिन उपसून लाइन तोडायची.

मी कोरेगावला फोन करून तुझ्या पलटणीतल्या शंकररावांना बोलावलं. त्यांनी आत बोटभर चिप दाखवली.

“आवं अक्का, ह्यो राखणदार हाय. वॉचडॉग म्हंत्यात. ह्येला सारखं ‘मी हाय’ म्हणून सांगावं लागतंय. दोन मिंटं कोण बोललं न्हाई, की ह्यो समजतोय गडी गेला, आन् मानगूट धरून उठवतोय.”

“मग आधी कसं चालत होतं?”

“आदी कोणतरी उत्तर देत हुतं की.”

खोक्यातल्या तुझ्या फायली मी दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत एकेक करून वाचल्या. एकीचं नाव इंग्रजी चार अक्षरांत होतं. व्हय. ती दर अर्ध्या मिनिटाला राखणदाराला उत्तर देते, बस्स. खोकं चालू केलं की तू ती हाताने सुरू करायचास. हे कुठे लिहून ठेवावं असं तुला वाटलं नाही का?

म्हणजे त्या दिवशी दहा वाजून पाच मिनिटांनीही तुझं ‘व्हय’ जातच होतं. फक्त मला नाही. आणि तो राखणदार दोन मिनिटं थांबतो. मी पंचवीस मिनिटं थांबले.

खोकं सुरू होताच आपोआप चालायच्या ओळींत काल मी ती फाइल घातली. बोटं सवयीने तिचं नाव सुधारायला गेली होती. सुधारलं नाही.

गुरुवारी, दोन डिसेंबरला, खोकं मी स्वतः आष्ट्याला नेऊन जोडून देईन. फाइलचं नाव कुणाला बदलू देणार नाही, हे माझं वचन. हेडबाईंनाही नाही.

तू मात्र मला एवढं लेखी कळव. त्या वेळी तुला माझी हाक ऐकूच आली नव्हती ना? मुदत मंगळवार, ३० नोव्हेंबर, सायंकाळी पाच. नुसतं ‘व्हय’ लिहिलंस तरी चालेल. मुदतीत उत्तर न आल्यास, हाक ऐकू आली नव्हती असं गृहीत धरण्यात येईल.

तुझी,
अक्का