घरातली एकच कडी

चिरंजीव आर्किटेक्टसाहेब,

आपल्या घराच्या डिझाइनला बक्षीस मिळालं, तेव्हा तू भाषणात म्हणालास, "भिंती नसल्या की माणसं जवळ येतात." तुझे बाबा शेवटचे दोन महिने त्याच उघड्या हॉलमध्ये अंथरुणाला खिळून होते. मासिकवाले फोटो काढायला आले की बेडपॅन मागायची त्यांना लाज वाटायची. ती माणसं जाईपर्यंत बिचारे कळ सोसायचे. मी पडदा लावू म्हटलं, तर म्हणालास, "आई, सगळा लुक जाईल."

बाबा गेले त्या दिवशी मी संडासात जाऊन रडले. आतून लावता येईल अशी कडी तेवढीच आहे. तू बाहेरून दार वाजवलंस, "आटप ना आई, लोक थांबलेत."

हे पत्रही तिथेच बसून लिहिलंय. तुला देणार नाहीच. पण तुझ्या या घरात ते लपवू कुठे?

तुझ्या फोटोंत कुठेच नसलेली,
आई