लागण आहे, आजार नाही

गोकुलम, मैसूरु

चि. संकर्षण,

१२ जानेवारी, रविवार, सकाळी अकरा चाळीस. त्या मिनिटाला तू तुझ्या लेकीला, हरिणीला, माझ्या मांडीवरून उचललंस. “अम्मा, तुझा टीबीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे. सुम्ने, उगाच वाद नको!”

इंजिनिअर झालास, पण पुढची ओळ वाचली नाहीस. रक्तातला आरएनए तपासून लॅबवाल्यांनी लिहिलंय: लागण आहे, आजार नाही, इतरांना धोका नाही. आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये पूर्ण वाक्य वाचायला शिकवलं होतं.

हरिणीचा दुधाचा छोटा तंबलर मी रोज घासून पालथा घालते. याआधीची दोन पत्रं न पाठवता कपाटातच आहेत.

येत्या रविवारी अकरा चाळीसच्या आत लेखी उत्तर हवं. हरिणीने लिहिलं तरी चालेल. तिला फक्त ‘अ’ येतो. अज्जीला तेवढा पुरे.

तुझी धडधाकट अम्मा,
अंबुजा