तापलेल्या एंजिनावरचं पाणी

ता. ५ ऑक्टोबर १९३८, बुधवार. आमगाव.
मोटार आज पुन्हा देवरीच्या वाटेवर अडखळली. चढावर उतारूंना खाली उतरून ढकलावं लागलं. गणपत ड्रायव्हर म्हणतो, रिकामी असली की कशीबशी चालते, माणसं भरली की दम सोडते. दसऱ्यापासून रोज हेच. दादा असता तर

संध्याकाळी काका ओसरीवर बसून चारचौघांदेखत म्हणाले की खंडेनवमीच्या पूजेचं पाणी वहिनीच्या हातचं होतं, मोटार तिथून बिघडली. दादाला जाऊन पुरते दोन महिने झाले नाहीत. त्याची बायको चुलीपाशी बसलेली, मध्ये एक भिंत. ऐकू गेलं नसेल असं नाही. भाकरी थापण्याचा आवाज थांबला, मग सुरू झाला.
मी गप्प बसले.

ता. ६, गुरुवार.
काल रागाने झोप नाही. काय झालं ते नीट लिहून ठेवते.
घरात वर्षभर सण नाही. दसऱ्याला गोड केलं नाही, सोनं वाटलं नाही. पण मोटारीची पूजा मात्र केली. काका म्हणाले, मोटार सगळ्यांचं पोट भरते, तिला सुतक नाही. मोटार देवरीहून दुपारी आली. भटजींनी दिलेली वेळ टळत होती. एंजिनावरचं झाकण उघडलं तर हात जवळ नेववत नव्हता. त्यावरच नारळ फोडला, नारळाचं पाणी सांडलं, वर लोटाभर थंड पाणी ओतलं. तुपात कालवलेला शेंदूर सहाही प्लगांना बोटाबोटाने फासला.
दादा नवमीच्या आदल्या दिवशीच मोटार उभी करायचा. सकाळी गार एंजिनाच्या झाकणाला बाहेरून कुंकवाचं एक बोट. झाली पूजा. म्हणायचा, "देवाले बाहेरून दिसते, आत हात कायले घालाचा?"

ता. ७, शुक्रवार.
काकांनी ठरवलं. रविवारी सोळा तारखेला दवनीवाड्याहून वहिनीचा भाऊ गाडी घेऊन येईल. "दिवाळी माहेरी कर म्हणा पोरीले." मायेनेच बोलल्यासारखं. परत कधी आणायचं ते कोणी बोललं नाही.
आईला विचारलं. ती सुपातले तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिचे भाऊ हायेत ना." मान वर केली नाही.
मुलगा गेला तिचा. तिच्यावर रागावताही येत नाही, याचाही राग येतो.

ता. ८, शनिवार.
सकाळची शाळा. दुपारी गणपत जेवायला गेला तेव्हा मोटारीचं झाकण उघडलं.
दादाला इंग्रजी येत नव्हतं. मोटारीबरोबर आलेलं जाडं पुस्तक मी डिक्शनरी घेऊन वाचायची, तो हातात पाना घेऊन ऐकायचा. "तू वाच यमे, मी हात लावतो." नऊ वर्षांपूर्वी मी सासरहून पांढऱ्या लुगड्यात परत आले तेव्हा काका म्हणाले होते, घरात राहील, पडेल ते काम करील. दादाने ऐकलं नाही. मला नॉर्मल स्कूलला घातलं. आज मास्तरीण आहे ती त्याच्यामुळे.
प्लगांवर शेंदूर भाजून काळा तपकिरी झालाय, तुपाचे ओघळ वाळलेत. तिसऱ्या आणि पाचव्या प्लगाच्या पांढऱ्या चिनीमातीला केसासारखी चीर. नखाने चाचपून पाहिली. तापलेल्या काचेच्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडावा तसं झालं असणार. सहापैकी दोन मुके, बाकीचे शेंदराने अर्धे मुके. मोटार चढ कशी चढेल?
गणपत आला. त्याला चीर दाखवली. म्हणाला, "मले त वरून बरा दिसते बाई." त्याचं म्हणणं, एंजिनच बसलं.

ता. १०, सोमवार.
काकांना एकटं गाठून सांगितलं. हळू आवाजात, नेहमीसारखं. प्लग फुटलेत, नवे घातले की चालेल. काका हसले. वाईट हसले असं नाही, लहान मुलाला हसतात तसे.
"मास्तरीण, तू शाळा पाय. मोटार आम्ही पाहून घेऊ."
पाहून घेणं म्हणजे काय, तर देवरीकडून एक जाणता येणार आहे, नजर उतरवायला.

ता. ११, मंगळवार.
अर्धी रजा काढली. आगगाडीने गोंदियाला. जाणता येणार म्हणून मोटार आज उभीच, रुमालात पाचवा प्लग बांधून नेला.
दुकानदार रुमालाकडे बघून म्हणाला, बाई, मिस्त्री को भेजो. मी म्हटलं, मिस्त्री नहीं है. मग ड्रायव्हर को भेजो. ड्रायव्हर को नहीं मालूम. मग त्याने प्लग हातात घेतला, पुसला, वास घेतला. "इसको सिंदूर किसने लगाया?"
"घरवालों ने."
दुकानात आणखी दोघे होते, ते हसले. मलाही हसू येणार होतं, आवरलं. त्याच मापाचे सहा प्लग मिळाले, तांब्याच्या चकत्यांसकट. माझ्या पगारातून घेतले. काकांना विचारलं नाही.
परतले तर मोटारीच्या नाकावर लिंबू-मिरच्या आणि बिब्बा बांधलेला. जाणता येऊन गेला होता. पाचवा प्लग मी नेलेला. पाच प्लगांची मोटार, आणि हे तिची नजर उतरवत होते! झाकण उघडून कोणी पाहिलंही नाही.

ता. १२, बुधवार.
शाळेआधी सकाळी प्लग बसवले. एंजिन गार. लुगड्याचा पदर खोचला, दादाचा नळीचा पाना घेतला. एकेक तार काढायची, तोच प्लग बदलायचा, तीच तार परत लावायची, मग पुढचा. तारांची सरमिसळ झाली की मोटार उलटी फुरफुरते, हे एकदा दादाकडून झालं होतं आणि दोन दिवस तो कोणाशी बोलला नव्हता. प्रत्येक प्लगाच्या टोकाची फट पत्र्याच्या पट्टीने पाहिली. आधी बोटांनी फिरवत बसवायचा, अडला तर काढून पुन्हा. जोर शेवटी, आणि तोही बेताने. दुसरा निघेना. रॉकेल सोडून थांबले. मग करकरत सुटला.
वहिनी दाराच्या आत उभी होती. म्हटलं, ये, ही पट्टी धर. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली.
"मी नाही येत बाई. मंग काही झालं तं?"
काकांच्या कोणत्याच बोलण्याचा इतका संताप आला नव्हता. तिलाच खरं वाटायला लागलंय.
गणपतला हँडल मारायला सांगितलं. दुसऱ्या फेऱ्याला एंजिन लागलं. सहाही. तो आवाज नवमीनंतर पहिल्यांदा ऐकला. वहिनीने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मी हात धुतले, शाळेत गेले. नखांतलं काळं निघालं नाही. मुली दिवसभर हातांकडे बघत होत्या.

ता. १३, गुरुवार.
काल मोटार भरून देवरीला गेली, भरून आली. चढावर कोणी उतरलं नाही.
गावभर एकच बोलणं. लिंबू लागू पडलं. काका जाणत्याकडे नारळ पाठवून राहिलेत. वर म्हणाले, नुसत्या लिंबानं इतकं झालं तर ती पोरगी गेल्यावर मोटार घोड्यावाणी पळेल.
मी गणपतला गाठलं. हँडल तुझ्या हाताने मारलंस, प्लग माझ्या हातात पाहिलेस. काकांना सांग. तो डोकं खाजवत राहिला.
"दोन्ही असन बाई. थोडं हे, थोडं ते."
नोकरी आहे त्याची. कळतं. तरी

ता. १४, शुक्रवार.
आज काकांना एकटं गाठायची वाट पाहिली नाही. शाळेतून आल्यावर सगळे ओसरीवर असताना जुने सहा प्लग ताटलीत घालून काकांसमोर ठेवले. चीर दाखवली. शेंदूर दाखवला. तापलेल्या चिनीमातीवर थंड पाणी पडलं की काय होतं ते सांगितलं. शाळेत सांगते तसंच सांगितलं. आईने एक प्लग उचलून डोळ्यांजवळ नेला. "फुटलाच आहे," म्हणाली. मला वाटलं, झालं.
काकांनी बराच वेळ पाहिलं. समजलं त्यांना. समजलं हे तोंडावर दिसलं. मग म्हणाले,
"बरं. पाण्यानं फुटला. पण ते पाणी त तिच्याच हातचं होतं नं?"
मी ताटली उचलून आत आले.
कारण समजून घेऊनही माणूस तिथेच परत येतो. मग मी इतकी वर्षं मुलींना काय शिकवते आहे?

एक गोष्ट मी इथेही लिहिली नव्हती. लोटा मी भरला. आणि काकांच्या हातात मीच दिला. वहिनी तेव्हा आत होती, नंतर उंबऱ्याशी आली. काकांनी पांढरं लुगडं पाहिलं, तोंड पाहिलं नाही. घरात दोन पांढरी लुगडी आहेत. एंजिन तापलेलं आहे हे मला माहीत होतं, पुस्तकातलं ते पान मीच दादाला वाचून दाखवलं होतं. तरी लोटा दिला. बोलले नाही. काका बोलायला लागल्यावर हे सांगायला पहिल्याच दिवशी एक वाक्य पुरलं असतं. तेही बोलले नाही.

ता. १५, शनिवार.
सांगितलं.
काका दाढी करत होते. आई तिथेच. म्हटलं, पाणी माझ्या हातचं होतं. वहिनी आत होती. उद्याच्या गाडीत दोघींची जागा करा.
आई म्हणाली, "आता हे कायले उकरून राह्यली तू?"
काकांचा वस्तरा थांबला. "तुझी गोष्ट येगळी आहे."
"कशी वेगळी?"
मी तिथेच उभी राहिले. एरवी मी उभी राहत नाही. ते आरशात बघत राहिले. दर महिन्याला माझा पगार आईच्या हातात येतो, एवढंच वेगळं आहे. ते त्यांनी म्हटलं नाही. मीही नाही.
वाटलं, वहिनीला बरं वाटेल. ती भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मले ठेवाले तुमी आपल्या अंगावर काऊन घेतलं, बाई? आज तुमच्या हातचं, उद्या आणखी कोणाच्या. कोणाच्याच हातचं नाही, असं काऊन नाही म्हटलं?"
दादा गेल्यापासून ती माझ्याशी एवढं सलग कधी बोलली नव्हती.
तिच्याजवळ बसून राखेने ताटं घासली. माझ्या नखांकडे बघून ती एकदा हसली. "हे नाही निंगणार," म्हणाली.

ता. १६, रविवार. सकाळ.
दवनीवाड्याची गाडी आली आहे. वहिनीचा भाऊ ओसरीवर चहा घेतो आहे, कोणाशी नजर मिळवत नाही. त्याला काय सांगून बोलावलं कोण जाणे. बैल सोडून बाभळीला बांधलेत, जू तसंच पडलं आहे.
वहिनीने बोचकं बांधलेलं नाही. आईने मला बांधायला सांगितलं. मी नाही म्हटलं. आईला मी नाही म्हणण्याची सवय नाही. ती स्वतः वहिनीच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. बराच वेळ झाला. आतून रडणं नाही, भांडण नाही. दोघी बोलताहेत एवढं कळतं.
काका अंगणात फेऱ्या घालून राहिलेत. दोनदा हाक मारली. कोणीच ओ दिली नाही.
काल वहिनी म्हणाली ते, कोणाच्याच हातचं नाही, हे वाक्य आता काकांसमोर, तिच्या भावासमोर, मोठ्याने म्हणायचं आहे. तीनच शब्द आहेत. शाळेत चाळीस मुलींसमोर बोलते, आणि इथे आधी वहीत लिहून पाहते आहे.
काकांनी पुन्हा हाक मारली. या वेळी माझ्या नावाने. लिहिणं इथे ठेवून बाहेर जाते.