समोरच्या दोन खोल्या आणि दम्याची वही

मी, राजमती भ्रतार आदगोंडा मगदूम, वय वर्षे एकसष्ट, धंदा घरकाम आणि दमा, राहणार सांगली, पूर्ण शुद्धीवर असून, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या खुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. श्वास अधूनमधून अडतो, डोकं अजून अडलेलं नाही.

हे माझं तिसरं मृत्युपत्र. पहिल्यावर मी शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टर गोंधळेकरांनी दिला आणि वर्षाच्या आत तेच वारले. चोवीस वर्षं त्यांनी मला सांभाळलं. ते गेले तेव्हा मी सख्ख्या भावासाठी रडले नव्हते एवढी रडले. दुसऱ्यावर डॉक्टर आगट्यांची सही झाली आणि ते लढाईवर गेले. बसऱ्याहून एक कार्ड आलं, 'पुडी घेताय ना?' पुढे काहीच आलं नाही. दाखला देणाराच जाग्यावर नसेल तर कागद लंगडा पडतो, असं वकील म्हणतात. म्हणून हा तिसरा खटाटोप.

पुडीचं सांगते. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर तोंडात पाण्याचा थेंब घालत नाही, आणि दमा नेमका रात्रीच उठतो. गोंधळेकरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "रात्रीचं कसं करता?" मग त्यांनी रात्रीसाठी जाळून हुंगायची पुडी दिली. धूर म्हणजे काही जेवण नव्हे. आगट्यांनी तेच चालू ठेवलं.

त्यांच्यानंतर आले डॉक्टर जोतीराम यादव, इस्लामपूरकडचे, वयाने माझ्या मुलाहून लहान. त्यांनी काही न विचारता लिहून दिलं, एक गोळी संध्याकाळी, एक रात्री दहाला. मी डॉक्टरांचाही मान राखला आणि धर्माचाही. दोन्ही गोळ्या दिवस मावळायच्या आत एकदम गिळल्या. छाती अशी धडधडायला लागली, की घरच्यांनी उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणायला घेतला. यादव धावत आले.

"आवं आक्का, दोन्ही एकदम? मला इचारायचं न्हाई व्हय?"

"तुमी तरी कुठं इचारलासा?" मी दम खात खात म्हटलं.

ते खाली मान घालून हसले. दुसऱ्या दिवशी कोरी वही घेऊन आले आणि माझा दमा पहिल्यापासून लिहून घेतला. त्यानंतरचे तीन हिवाळे बरे गेले.

आता वाटणी.

कुपवाडचं शेत, बैलजोडी आणि तांब्यापितळेची भांडी मुलगा तात्यासाहेब याला. पोरगा चांगला आहे, आईचं ऐकायची वेळ आली की कान जड होतात.

राहतं घर मला माहेरहून मिळालेलं, माझं स्त्रीधन आहे. मागचा सोपा, म्हणजे घराची मागली बाजू, तात्यासाहेबाचा. समोरच्या दोन खोल्यांत यादवांचा दवाखाना आहे. त्या काढून घेऊन हळदीच्या व्यापाऱ्याला गोदामाला द्यायचं तात्यासाहेबाच्या मनात आहे. म्हणून त्या दोन खोल्या नात त्रिशला हिला. ती नऊ वर्षांची आहे आणि गेल्या हिवाळ्यापासून तिचीही छाती शिट्टी वाजवते. अट अशी, की तिथे हळदीचं एक पोतंही येऊ नये आणि डॉक्टरांना कुणी निघा म्हणू नये. माझा एक डॉक्टर मरणाने नेला, एक लढाईने. तिसरा गोदामापायी गेला तर त्या पोरीने सगळं पुन्हा कुणाला सांगायचं?

साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यातून यादवांना नोकरीचं पत्र आलंय, असं त्यांचा कंपाउंडर केरबा सांगतो. मी त्यांना विचारलेलं नाही. तरण्या माणसाला अडवणारी मी कोण? पण मला भीती वाटते, आणि ती इथे लिहायला लाज वाटत नाही.

वही त्रिशलाची. लग्नात दागिन्यांच्या आधी ती बांधून द्यावी. सासरच्या गावचा डॉक्टर कितीही शिकलेला असो, त्याने आधी वही वाचावी, मग नाडी धरावी.

माझी जाऊ चंपाबाई. काम चुकवायला मी खोकते, असं ती चाळीस वर्षं सांगत आली. रात्र रात्र बसून ज्या उशीवर टेकले ती उशी तिला द्यावी. एक रात्र टेकून बघावं.

खोल्यांशी संबंध येतो म्हणून यादवांना साक्षीदार धरलेलं नाही, दाखला तेवढा त्यांचा. वरचं सगळं मला वाचून दाखवलं, ते बरोबर आहे. दिवस आहे तोवर सही करते.

सांगली, गुरुवार, १२ डिसेंबर १९४६
सही: राजमती आदगोंडा मगदूम

साक्षीदार: १. नाथाजी भाऊ सुतार, शेजारी
२. केरबा धोंडी माने, कंपाउंडर

डॉक्टरांचा दाखला: राजमतीबाई मगदूम यांस आज दुपारी चार वाजता तपासले. पूर्ण शुद्धीवर आहेत. मृत्युपत्र माझ्यासमोर वाचले गेले. साताऱ्यास मी परवाच नकार कळवला आहे. आक्कांनी विचारले नाही, म्हणून सांगितले नाही.
डॉ. जोतीराम यादव