सांगाड्याच्या भावात

२ मार्च, शनिवार. सायं. ६

आज माझ्या यंत्रशाळेत युगप्रवर्तक आगमन झाले. यंत्रशाळा म्हणजे मागच्या गॅलरीलगतची खोली. सौभाग्यवती तिला अडगळ म्हणते. भंगारवाल्याकडून लाकूड कापायचे टेबल-कटर मिळवले. लोखंडी पेटी, वर गुळगुळीत पत्रा, त्याच्या मधोमध उभे असलेले दातेरी गोल पाते. भंगारवाला म्हणाला, साहेब, सांगाड्याच्या भावात देतोय, आत एकदा बघून घ्या. आत डोकावणे हे संशयी वृत्तीचे लक्षण. शिवाय तेवढ्यात त्याचा विचार बदलला असता. तत्काळ उचलले आणि एकट्याने तीन जिने चढवले. असले मशीन दोन माणसांनाही आवरत नाही म्हणतात. माझ्या बाहुबलावर मीच आजवर अन्याय करीत आलो.

संकल्प: ताईचा पलंग. माझ्या थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. १७ तारखेला ती दवाखान्यातून थेट आमच्याकडे येणार. डॉक्टरांची ताकीद अशी, की पलंग वीस इंच उंच हवा. खालून उठताना पाय मुरगळला तर सगळे पहिल्यापासून. आमच्या घरात सारेच पलंग बुटके. सौभाग्यवतीने फर्निचरवाल्याकडे एक सांगून ठेवला होता. मी फोन करून रद्द केला. पाडलेल्या शाळेच्या सागवानी चौकटी गेल्या वर्षीच पैदा करून ठेवल्या आहेत. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

३ मार्च, रविवार

एक किरकोळ तपशील आज आठवला. भंगारवाल्याची उजवी तर्जनी अर्धीच आहे. मशीन दाखवताना त्याने तीच पुढे केली होती.

सकाळपासून स्वतःच्या तर्जनीचे निरीक्षण चालू आहे. हे भय नव्हे, ही शास्त्रीय जिज्ञासा.

आजचे कार्य: मशीनवर जुनी चादर घातली. धूळ हा यंत्राचा शत्रू.

५ मार्च, मंगळवार

अध्ययन. नऊ व्हिडिओ पाहिले. सातव्यात फळी उलटून माणसाच्या अंगावर आली. तो अर्धाच पाहिला. जुन्या लाकडात खिळा राहिला तर पाते काय करते, हे आठव्यात होते. तो ऐकला, पाहिला नाही.

निर्णय: प्रथम सर्व खिळे काढणे. अवजारांची मोजदाद केली. खिळे उपटायची पहार, एकच नख शाबूत. पान्यांचा संच, त्यात तेरा नंबर गहाळ; घरातले यच्चयावत नट तेरा नंबरचे. पातळी बघायची पाणसळ, तिच्यातला बुडबुडा निघून गेला आहे. द्रव मात्र अत्यंत नितळ. सर्व वस्तू निम्म्या किमतीत घेतल्या होत्या.

७ मार्च, गुरुवार

काढलेले खिळे: चार. उरलेले मोजणे थांबवले.

सौभाग्यवतीने विचारले, फर्निचरवाल्याला पुन्हा फोन करू का. मी म्हणालो, पायाभरणीचा टप्पा पूर्ण झाला आहे. ती म्हणाली, पलंगाला पाया नसतो हो, पाय असतात. चार. आणि ते कुठे दिसत नाहीत.

१० मार्च, रविवार. स. ७.४०

हस्ताक्षराकडे दुर्लक्ष व्हावे.

आज यंत्रारंभ केला. प्लग लावून एक्स्टेन्शनची वायर दिवाणखान्यापर्यंत आणली. दोन्ही दारे लावली. बरोबर सातला, बाथरूमच्या आडोशाने, झाडूच्या दांड्याने दिवाणखान्यातले बटण दाबले.

गर्जना झाली. भिंत थरथरली, कपाटातल्या बशा वाजल्या. मी क्षणार्धात बटण बंद केले. गर्जना थांबली नाही. प्लग उपटला. तरीही थांबली नाही. घड्याळ लावून मोजले: विजेवाचून ते पाते आणखी चार मिनिटे फिरत होते. जडत्व.

सौभाग्यवती स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, हा इमारतीचा नवा पंप फारच बोंबलतो बाई, सेक्रेटरींना सांगायला हवं. बिचारी. सत्य सांगून तिला घाबरवणे मला प्रशस्त वाटले नाही.

१२ मार्च, मंगळवार

काल मशीन चादरीसह सुतळीने आवळून बांधले. प्लग माझ्या खिशात. आज सातच्या ठोक्याला ते पुन्हा गरजले.

सव्वासातला कार्यालयात पोहोचलो. कार्यालय दहाला उघडते. शिपायाने विचारले, साहेब, घरी कोणी गेलं का. अद्याप नाही, म्हणालो.

१४ मार्च, गुरुवार. दु. ३

ताईचा दवाखान्यातून फोन. आवाज बारीक. म्हणाली, उठताना फार भीती वाटते रे, नर्स धरते म्हणून उभी राहते. घरी कोण धरणार. मग हसली. म्हणाली, आठवतं का, पिठाच्या गिरणीतल्या पट्ट्याला घाबरून तू बाहेरच उभा राहायचास आणि डबा घेऊन मी आत जायचे. आता मी घाबरते, आणि तू मशीन चालवतोस. तुझ्या पलंगाचाच आधार आहे बघ.

बाहेर मी दोघांच्या चपला सांभाळत होतो, ही वस्तुस्थिती ती विसरली. मी म्हणालो, पलंग तयार आहे, फक्त पॉलिश उरले आहे.

त्यानंतर वीस मिनिटे बाथरूममध्ये बसलो. नळ सोडून.

१५ मार्च, शुक्रवार

फर्निचरवाल्याला गुपचूप फोन केला. तो पलंग विकला गेला. दुसऱ्याला आठ दिवस. आपल्या हातात दोन.

उद्या सकाळी मशीन चालवणार. दुसरा मार्ग नाही. पूर्वतयारी म्हणून डाव्या हाताने सही करण्याचा सराव केला. पहिल्या साठ सह्या असमाधानकारक. नंतर बँकेला चालेल अशी एक जमली. दहाही बोटांची नखे कापली. जे काही जाईल ते निदान स्वच्छ जावे.

१६ मार्च, शनिवार. सायं. ५

पावणेसातला सज्ज झालो. स्कूटरचे हेल्मेट, लोकरीचे हातमोजे, पोटावर दोन उशा. यंत्रशाळेचे दार उघडतो तो आत सौभाग्यवती आणि नाक्यावरचा सुतार. मला न विचारता आणलेला. सुतार सुतळीच्या गाठी सोडत होता. म्हणाला, काका, काय पळून जाणार होतं का हे?

त्याने पेटी आडवी केली, खालचा पत्रा काढला आणि बराच वेळ आत पाहत राहिला. मग तिला म्हणाला, काकू, तुम्हीच बघा.

आत एक गंजलेला पट्टा आणि कोणाचा तरी मोजा होता. मोटर नव्हती. कधीच काढून घेतलेली. नुसता सांगाडा आहे, म्हणाला, म्हणून तर हलका लागला तुम्हाला.

नेमके सात वाजले. गर्जना झाली. मी स्टुलावर चढलो. सुतार म्हणाला, पंप आहे हो. सौभाग्यवती माझ्या हेल्मेटकडे, मग उशांकडे, मग पुन्हा हेल्मेटकडे पाहत राहिली. एवढेच म्हणाली, चहा ठेवते.

सुताराने हातकरवतीने चौकटी कापल्या. खिळे त्यानेच काढले. मला फळीचे दुसरे टोक धरायला दिले. दिवसभर धरले. एक विचारले, भंगारवाल्याचे बोट कशाने गेले. म्हणाला, टेम्पोच्या दारात चेंगरलं.

पलंग झाला. वीस इंच.

१७ मार्च, रविवार

ताई आली. भिंतीला धरत पलंगापर्यंत गेली. बसली. पावले सपाट टेकली. काही क्षण तशीच राहिली, मग पलंगाच्या काठावर हात टेकून, कोणाला न धरता, उभी राहिली. पुन्हा बसली. पुन्हा उभी राहिली. सौभाग्यवतीचे डोळे भरले. मला खिडकीची कडी तपासायची होती.

सुतार एक पाय कणभर घासायला आला होता; मी धरलेल्या टोकाचा. म्हणाला, जुनी मोटर आहे माझ्याकडे, उद्या बसवून देतो, मग काका स्वतःच कापतील. सौभाग्यवती म्हणाली, बसवाच. मी ताईच्या उशीची खोळ सारखी करायला घेतली.

ताईने माझ्याकडे पाहिले. म्हणाली, नको बाई मोटर. पातं तेवढं काढा आणि ती पेटी इथे उशाशी ठेवा, माझ्या औषधांना जागा होईल.

मी बहिणीखातर मोठ्या मनाने त्याग केला.

१८ मार्च, सोमवार. स. ७.१०

सातला पंप सुरू झाला. मी त्या वेळी योगायोगाने जिन्यात होतो. दाराच्या बिजागऱ्या बाहेरच्या बाजूने तपासत होतो.

आतून ताई म्हणाली, पंप आहे रे. ये आत.

गेलो.