गोलकीपर एकच असते

पाचोरा,
९ जानेवारी २०२५

प्रिय डिंपल,

तुझं पत्र सोमवारीच आलं होतं म्हणे. माझ्या पप्पांनी ते दुकानात खताच्या पोत्यांवर ठेवलं आणि विसरले, मला काल मिळालं. आपल्या घरात शेवटचं पत्र कुणाचं आलं होतं ते आबांनाही आठवेना. सगळ्यांनी हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं, पण पाकिटावर माझं नाव होतं म्हणून उघडलं मीच. तुमच्या कोच मॅडमनी फोन जमा करून घेतला ते बरं केलं. मॅचनंतर लोक टाकतात तसल्या कॉमेंट वाचत बसण्यापेक्षा पत्र लिहिलेलं चांगलं.

इकडे सगळे खुशाल. कापसाची वेचणी संपत आली, हिलालकाका दिवसभर शेतात असतात. तुझी आई रविवारी तुझा दहा मिनिटांचा फोन येणार म्हणून शनिवारपासून काय काय बोलायचं ते ठरवते आणि फोन आला की "जेवलीस का?" एवढंच विचारते. परवा भरीत-पुरी केली होती. तुझी आठवण काढत काढत सगळ्यांनी तुझ्या वाटचंही खाल्लं.

माझं कॉलेज चालू आहे. सकाळच्या गाडीनं जळगाव, दुपारी परत, संध्याकाळी ग्राउंड. कॉलेजच्या टीमची गोलकीपर मीच आहे. फेब्रुवारीच्या शेवटी धुळ्याला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहेत. शेजारच्या कोकिळामावशींना हे सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, तूपण खेळतेस का अजून?" मला वाईट वाटावं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या, हे मला माहीत आहे.

चौकातला तुझा फ्लेक्स अजून आहे. 'पाचोऱ्याची कन्या, वय वर्षे सतरा, व्यावसायिक फुटबॉल क्लबमध्ये निवड.' उन्हानं तुझी जर्सी गुलाबी झालीय. तो फोटो आपला दोघींचा होता, पुण्याच्या निवड चाचणीच्या दिवशी नवल सरांनी काढलेला. फ्लेक्सवाल्यानं मला कापलं, पण माझा हात तुझ्या खांद्यावर होता तो त्याला कापता आला नाही. रोज स्टेशनला जाताना मी त्याखालून जाते. चार बोटं दिसतात. कुणी विचारत नाही कुणाची.

मॅच आम्ही सगळ्यांनी बघितली. मोबाईल टीव्हीला जोडला होता. आबा खुर्ची पार पडद्याला लावून बसले आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, "आपली पोर कोनती शे?" मी सांगायचे, जिचे कपडे वेगळ्या रंगाचे ती. तिसरा गोल गेला तेव्हा ते म्हणाले, "इतली लांब उभी ऱ्हास, एकली. तिले कोनी मदत कर नही का?" मग काकांनी टीव्ही बंद केला. तुझी आई स्वयंपाकघरात गेली. मी मात्र आत जाऊन उरलेली मॅच मोबाईलवर बघितली. का, ते विचारू नकोस.

तू लिहिलंस, "ताई, तू माझ्या गोलच्या मागे उभी राहून मला सगळ्यात जास्त बघितलंयस. माझं काय चुकतंय ते सांग. पुढच्या महिन्यात क्लब ठरवणार आहे, कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं."

काय सांगू? काही चुकत नाही. एखादा महिना असा जातो. तिकडच्या मुली मोठ्या आहेत, शॉट जोरात येतात. फार मनाला लावून घेऊ नकोस. आणि खरंच झेपत नसेल तर परत ये. त्यात लाज कसली? सतरा वर्षांची तर आहेस. इथे तुझं घर आहे, बारावीची परीक्षा दे, कॉलेजला माझ्याबरोबर येत जा. आपण दोघी पुन्हा त्याच गाडीनं जाऊ-येऊ.

थंडीत कानटोपी घाल. बंगळुरूची हवा फसवी असते म्हणतात.

तुझी,
कामिनी


पाचोरा,
२७ जानेवारी २०२५

प्रिय डिंपल,

हे पत्र एकटी असताना वाच.

काल तुझ्या आईनं आपली खोली झाडली. माझी पुस्तकं एका बाजूला सारून तुझ्यासाठी कपाटाचा खण रिकामा केला. मग मला जवळ घेऊन म्हणाली, "तुझं पत्र आलं म्हणून ती यायला तयार झाली गं. किती दिवस मी रडत होते, माझं ऐकत नव्हती. सख्खी बहीणसुद्धा एवढं करत नाही." माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. तो मी तिच्यासमोर खाल्ला. मग गच्चीवर जाऊन बसले.

दोन मॅच तुला बाहेर बसवलं हे मला काकांकडून कळलं. त्याआधी नवल सर स्टेशनवर भेटले होते. शाळेत आपल्या दोघींना त्यांनीच उभं केलं, त्यामुळे तुझा प्रत्येक गोल त्यांना स्वतःवर झाल्यासारखा लागतो. मोबाईल काढून दाखवत म्हणाले, "हे बघ, सगळे डावीकडून, खालून. तुला काही दिसतंय का?"

मी म्हटलं, "नाही सर."

"तुला दिसत नाही तर कुणाला दिसणार?" असं म्हणाले आणि गाडी आली म्हणून गेले.

डिंपल, मला दिसतंय. तुझ्या तिथल्या पहिल्या मॅचपासून दिसतंय. शॉट मारणारी पाय मागे नेते त्याच क्षणी तू उजवा पाय लांब बाहेर टाकतेस. गुडघा ताठ होतो. ताठ पायावरून जोर लावता येत नाही, म्हणून डावीकडे झेपायला तुला आधी तो पाय परत आणावा लागतो. तेवढ्यात बॉल गेलेला असतो. उजवीकडचा शॉट तू अडवतेस, कारण तिकडे तू आधीच निम्मी पोचलेली असतेस. तुमच्या मॅडम हातांकडे बघत असतील. हातांचं काही चुकत नाही.

ही सवय तुला पहिल्या दिवसापासून होती. आपल्या ग्राउंडवर मी तुझ्या मागे उभी राहून "पाय" म्हणायचे आणि तू थांबायचीस, आठवतं? इतकं ओठांतल्या ओठांत म्हणायचे की समोरच्यांना ऐकू जायचं नाही. तुला वाटायचं मी तुला घाई करू नको म्हणतेय. मी कधी नीट समजावलंच नाही. तेव्हा त्याची गरज वाटली नव्हती. तू माझी राखीव होतीस.

पुण्याच्या चाचणीतही मी तेच केलं. आधी माझी पाळी झाली. मी चांगली खेळले, तूच म्हणाली होतीस. मग तू उभी राहिलीस आणि मी बॉल आणून द्यायला गोलच्या मागे गेले. प्रत्येक शॉटच्या आधी मी "पाय" म्हणत होते. कुणी सांगितलं नव्हतं. तोंडातून आपोआप निघत होतं. तू सगळे अडवलेस. मग त्या चष्म्यावाल्या सरांनी आपल्या दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं, चार बोटांचा फरक बघितला आणि म्हणाले, "उंची शिकवता येत नाही. बाकीचं आम्ही शिकवू."

परतीच्या गाडीत तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीस. मी खिडकीबाहेर बघत होते आणि एकच विचार चालू होता. मी गप्प राहिले असते तर? निदान दोन-तीन शॉट गेले असते. मग कदाचित त्यांनी उंची मोजली नसती.

तेव्हापासून हे माझ्या पोटात आहे. तुझ्या पगारातून तू घरी वॉशिंग मशीन पाठवलंस, सगळे बघायला आले, आणि मी मुद्दाम माझे कपडे हातानं धुतले. दहा दिवस. मम्मीला वाटलं मला नव्या मशीनची भीती वाटते. तुझी पहिली मॅच होती त्या दिवशी मी देवापुढे बसले होते, पण काय मागत होते ते लिहिणार नाही. आणि तो तिसरा गोल झाला, काकांनी टीव्ही बंद केला, मी आत जाऊन मोबाईल लावला, तेव्हा मला चौथा बघायचा होता.

झाला नाही. तू बॉल पायानं अडवलास. मला राग आला.

तू विचारलंस काय चुकतंय, आणि मी कानटोपी घाल म्हणून लिहिलं. परत ये म्हटलं, त्यात तुझी दया नव्हती. मला तू परत हवी होतीस, माझ्या मागे बाकावर बसलेली. काकूंनी मला जवळ घेतलं नसतं तर कदाचित मी अजूनही गप्प राहिले असते, आणि तू आली असतीस, आणि मी तुला घ्यायला स्टेशनवर आले असते. सगळ्यांच्या आधी.

आता नीट वाच. उजव्या पावलाच्या बाहेर वीतभर अंतरावर पाण्याची भरलेली बाटली ठेव. शॉट घ्यायला एखाद्या मुलीला सांग. बाटली पडली की तो शॉट अडवला तरी चूक धरायची. बाटली जागेवर राहिली की बरोबर, मग गोल गेला तरी चालेल. मॅडमनाही सांग, लपवू नकोस. त्यांना ही गोष्ट कळली की त्या माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील.

आणि एवढ्यात येऊ नकोस. काकूंना मी समजावते. त्या दोन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत, ते माझं मी बघेन.

माझ्यावर रागाव. पण बाटली आधी ठेव.

कामिनी


धुळे,
३ मार्च २०२५

प्रिय डिंपल,

इथल्या कॉलेजच्या होस्टेलवरून लिहितेय. बाकीच्या मुली बाजारात गेल्यात, माझा घोटा सुजलाय म्हणून मी खोलीतच आहे. काळजी करण्यासारखं नाही, बर्फ लावलाय.

तुझं पत्र निघायच्या आधल्या दिवशी मिळालं. चारच ओळी. "बाटली चार दिवस लाथाडली. पाचव्या दिवशी उभी राहिली. मॅडम म्हणाल्या, हे कुणी ओळखलं? मी तुझं नाव सांगितलं. तुझा राग आलाय ताई, आणि तो गेलेला नाही." मी ते तीन-चार वेळा वाचलं. शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. तू लगेच "जाऊ दे ना" म्हणाली असतीस तर मला झोप आली नसती.

तुझी मागची मॅच इथे येण्याआधी घरीच बघितली. तुला पुन्हा उभं केलेलं बघून काका खुर्चीवर बसेचनात. शेवटी शेवटी तो डावीकडचा शॉट आला आणि तू झेपावलीस, तेव्हा आबा घाबरून म्हणाले, "पडनी वं पोर." मी म्हटलं, "आबा, तिला पडायचंच असतं." तुझ्या हाताला लागून बॉल पोलच्या बाहेर गेला. काकूंनी डोळे मिटले होते, त्यांना सांगावं लागलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. जरा उशिरा. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण तुला कळायला हवं.

क्लबनं तुला पुढच्या वर्षासाठी ठेवलं हे काकांनी इथे फोन करून सांगितलं. मी "छान" म्हटलं आणि खरंच छान वाटलं, साधारण जेवण होईपर्यंत. मग पुन्हा ते जुनं दुखणं पोटात आलं. मला वाटलं होतं तुला सगळं लिहून टाकलं की ते जाईल. गेलं नाही. फक्त आता ते आलं की मी त्याला ओळखते.

आमचं इथे असं झालं, की सेमीफायनल बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर गेली. दोन मी अडवल्या. आमच्या मुलींनी तीन बाहेर मारल्या. हरलो. बक्षीस द्यायला एक पुढारी आले होते. त्यांच्या कानात कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि त्यांनी माईकवर जाहीर केलं, "आपल्यासोबत खेळाडू डिंपलच्या भगिनी उपस्थित आहेत." मुली सेल्फी काढायला आल्या. मी सगळ्यांसोबत हसले. एकीनं विचारलं, "तुमची ताई घरी कशी असते हो?" मी म्हटलं, "ताई मी आहे." ती म्हणाली, "हो का?" आणि फोटो काढून गेली.

एक मात्र झालं. नाशिकच्या एका महिला संघाच्या मॅडम पेनल्टी बघत उभ्या होत्या. माझं नाव आणि नंबर लिहून घेतला. उंची विचारली. मी सांगितली. त्यांनी मान हलवली, पण कशी हलवली ते मला कळलं नाही. हे घरी कुणाला सांगू नकोस. काही झालं नाही तर पुन्हा सगळ्यांना समजावत बसायला नको.

आता तुझ्या निमंत्रणाचं. पुढच्या महिन्यातल्या मॅचला तू सगळ्यांना बोलावलंयस, काकांनी तिकिटं काढलीत, आबांनी आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतलेत. मी घरी सांगितलंय की माझी परीक्षा आहे. परीक्षा आहेच, पण ती नंतर आहे. तुला खोटं सांगायचं नाही म्हणून लिहिते, मी येणार नाही. तू खाली गोलसमोर उभी असताना वर स्टँडमध्ये बसून टाळ्या वाजवणं मला अजून जमणार नाही. घरी उशीर झाला तर खपून जातो. तिथे तू वर बघशील.

वाईट वाटून घेऊ नकोस. किंवा घे, तुझा हक्क आहे. पण मला पुढच्या वर्षी पुन्हा बोलाव. तेव्हाही मी काहीतरी कारण काढलं तर त्याच्या पुढच्या वर्षी बोलाव. मी नाही म्हणते म्हणून बोलवायची थांबू नकोस.

तुझ्याहून एका वर्षानं मोठी, आणि तेवढी मोठी व्हायला अजून वेळ लागणारी,
कामिनी