आत्याबाईंचं पातेलं आणि पृथ्वीचा गाभा

तीर्थरूप हाल्लाआत्याबाईंच्या चरणी,

सून स्टाइनवर हिचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे, मेंढ्या आणि काका (याच क्रमाने) ठीक असतील अशी आशा आहे. काकांच्या कपाळावरची खोक भरली का? (तुमच्या हातून तांब्याचं पातेलं 'निसटलं' आणि त्याचा कडेचा कान मुडपला, तेव्हाची.) इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त ते पातेलं सोडून.

रागावू नका, आधी ऐकून घ्या. उद्या चर्चच्या जेवणाला घरोघरचा काळा पाव जायचा, आणि वाहवा दरवर्षी शेजारच्या ओडनीचीच होते. (पाव कसला, वीट!) म्हणून यंदा मी तुमचं पातेलं मागून आणलं, पीठ भरलं, काल तळ्याकाठच्या, जमिनीतल्या वाफेनं तापलेल्या वाळूत भाजायला पुरलं आणि खुणेला वर आमचा दगड ठेवला. सगळ्या गावानं तेच केलं. दगड ज्याचा, पाव त्याचा.

पण तुमचा लाडका भाचा! मासेमारी सोडल्यापासून यांना पृथ्वीच्या पोटाचं वेड लागलंय. (समुद्रावर असायचे तेच बरं होतं.) आपल्या आइसलंडात पृथ्वी स्वतःच चूल पेटवून बसलीय, तिच्यावर भाषण कशाला? पण आज सकाळी बसभर पाहुणे आले आणि यांना चेव चढला. काठावरचे सगळे दगड उचलून यांनी नकाशा मांडला: बाहेर कवच, आत प्रावरण, मधोमध गाभा. (गाभ्याला आमचा दगड, एवढा मान राखला.) पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फावडी घेऊन गाव आलं.

पुढे जे बोललं गेलं ते लिहीत नाही, त्यात पाद्रीबाबाही होते. जो तो दिसेल तिथे उकरत होता, आणि हे मध्ये उभे राहून ओरडत होते, "अहो, घाबरू नका, गाभा अजून फार खाली आहे!" अखेर सगळ्यांच्या हाती पातेली लागली, माझ्या नाही. बोटं भाजेपर्यंत उकरलं आणि तिथेच बसून रडले. हे म्हणतात, ते गाभ्याकडे निघालं असावं. येत्या शनिवारी तुमच्या ऐंशीव्या वाढदिवसाला परत द्यायचं कबूल केलं होतं. आता कुठल्या तोंडानं येऊ? मोठ्या मनानं क्षमा करा.

तुमची सून,
स्टाइनवर

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. पातेलं सापडलं! आज चर्चमध्ये ओडनीच्या पुढ्यात होतं, मुडपलेल्या कानासकट. पाद्रीबाबांनी पाव तीनदा मागून घेतला आणि ती बया नुसती लाजत होती. मी बोलले असते तर गाव म्हणालं असतं, जळते मेली.

आणखी ता. क. तेव्हा वाढदिवस आमच्याकडेच करू. ओडनीला पाव आणायला सांगितलंय, त्याच पातेल्यातून. तुम्ही फक्त सगळ्यांदेखत त्याचा मुडपलेला कान खोकेला लावून दाखवायचा. काकांना आणायला विसरू नका, पुरावा तेच आहेत.